आरोपीचे हक्क : गावकारभाऱ्यांना माहिती हवी

गावातील एखाद्या इसमास पोलिसांनी ठाण्यावर नेले, की त्याचे आप्त प्रथम धाव घेतात ती सरपंच, पोलीस पाटील किंवा गुरुजींकडे. अशा वेळी मिळालेला योग्य सल्ला एका कुटुंबाची परवड टाळू शकतो. उलट, 'कबूल करून टाक, म्हणजे सुटशील' हा सल्ला त्यास अधिकच अडचणीत लोटतो. म्हणून भंडारा जिल्ह्यातील साकोलीपासून तुमसरपर्यंतच्या प्रत्येक गावकारभाऱ्यास या विषयाची तोंडओळख असणे अगत्याचे आहे.

आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे. गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर असते. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही, असे राज्यघटनेचा अनुच्छेद २० सांगतो. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध सिद्ध करता येत नाही. मात्र त्यातून एखादी वस्तू हस्तगत झाल्यास तेवढाच भाग ग्राह्य धरला जातो.

अटकेच्या वेळी

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. तीनुसार अटकेची कारणे आरोपीस सांगणे, गुन्हा जामीनपात्र असल्यास तसे कळविणे आणि त्याच्या नातेवाइकास अथवा मित्रास अटकेची वार्ता देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. चौकशीदरम्यान वकिलास भेटण्याचा हक्क त्यास आहे. प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांच्या आत त्यास दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावेच लागते. अपवादात्मक परिस्थिती वगळता स्त्रीस सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. तसा प्रसंग आल्यास महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

तपास ठराविक मुदतीत पूर्ण होऊन दोषारोपपत्र दाखल न झाल्यास आरोपीस जामीन मागण्याचा हक्क प्राप्त होतो. मृत्युदंड, जन्मठेप अथवा दहा वर्षे वा त्याहून अधिक कारावासाच्या गुन्ह्यांत ही मुदत ९० दिवसांची, तर इतर गुन्ह्यांत ६० दिवसांची आहे.

महाराष्ट्रातील दोन निर्णय

हे हक्क दृढ करण्यात महाराष्ट्रातील प्रकरणांचा मोठा वाटा आहे. १९७८ मध्ये होस्कोट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, निकालाची प्रत कैद्यास विनामूल्य मिळाली पाहिजे व अपिलासाठी गरजूस वकील दिला पाहिजे, असा दंडक घालून दिला. मुंबईतील कोठड्यांमधील स्त्रियांच्या स्थितीविषयी पत्रकार शीला बारसे यांनी लिहिलेल्या पत्रावरून १९८३ मध्ये न्यायालयाने स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या, महिला पोलिसांच्या उपस्थितीत चौकशी आणि अटक होताच विधी साहाय्य समितीस सूचना, असे निर्देश दिले.

खैरलांजीचा धडा

'एवढ्या क्रूर गुन्ह्यातील आरोपीस हक्क कशाला?' असा प्रश्न विचारला जातो. मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली आणि सारा महाराष्ट्र हादरला. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये अकरा आरोपींपैकी आठ जणांना दोषी ठरविले व तिघांना निर्दोष मुक्त केले. सहा जणांना सुनावलेली फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१० मध्ये २५ वर्षांच्या कारावासात परिवर्तित केली. अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू न झाल्याबद्दल तीव्र नाराजीही व्यक्त झाली. तथापि, बचावाची पूर्ण संधी देऊन पुराव्याच्या कसोटीवर ठरलेला दोष अपिलातही टिकतो. पीडितांनाही अखेर असाच टिकणारा न्याय हवा असतो. आरोपीचे हक्क डावलून केलेला तपास मात्र खऱ्या गुन्हेगाराच्याच पथ्यावर पडतो.

विनामूल्य विधी साहाय्य

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये कोठडीतील व्यक्ती, स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न ठेवता विनामूल्य वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण अथवा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. १५१०० हा दूरध्वनी क्रमांकही उपलब्ध आहे.

ग्रामपंचायतीने हा क्रमांक सूचना फलकावर लिहावा, शिक्षकांनी नागरिकशास्त्राच्या तासाला हा विषय समजावून द्यावा आणि ग्रामसभेत त्याचे वाचन व्हावे. अटकेनंतरचे पहिले २४ तास मोलाचे असतात. त्या वेळी हक्कांची माहिती असलेला एक माणूस गावात असणे, हाच आप्तांना मोठा आधार होय.