निळ्या झाकणाची टाकी

1 एप्रिल 2020 पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-6 निकष लागू झाले आणि ट्रक-बसच्या डिझेल टाकीशेजारी निळ्या झाकणाची आणखी एक टाकी सर्रास दिसू लागली. आता ती बऱ्याच डिझेल मोटारींतही असते. तिच्यात डीईएफ, म्हणजे 32.5 टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी. हे इंजिनात जात नाही. सायलेन्सरच्या वाटेवर तापलेल्या धुरात त्याचा फवारा उडतो आणि अमोनिया तयार होतो. पुढच्या कॅटॅलिस्टमध्ये हा अमोनिया धुरातल्या नायट्रोजनच्या घातक ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन आणि वाफ करून टाकतो.

टाकीत किती उरलंय हे मोजायला काही गाड्यांत तरंगता फ्लोट असतो. अनेक गाड्यांत मात्र तळाशी अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवतात. तो वर ध्वनिलहर सोडतो. ती पृष्ठभागावर आपटून किती वेळात परतली त्यावरून पातळी निघते. असाच दुसरा सेन्सर ठरावीक अंतरावरच्या पट्टीवर लहर सोडतो. अंतर ठाऊक असल्याने ध्वनीचा वेग कळतो आणि तापमान जमेला धरलं की युरियाचं प्रमाणही. त्यामुळे नळाचं पाणी ओतून काटा वर चढवणाऱ्याची लबाडी इथे पकडली जाते. शेतातलं खत विरघळवणं तर त्याहून वाईट. आपल्याकडे युरियावर निंबोळी तेलाचा लेप असतो. तो फिल्टर, नोझल आणि कॅटॅलिस्ट सगळ्यांचीच वाट लावतो.

चढावर उभ्या गाडीचा काटा खरा मानू नका. भरल्यावरही आकडा लगेच हलत नाही. सपाट जागी चावी ऑन करून, इंजिन न लावता, थोडं थांबावं. अगदी लिटरभर टाकलं तर काही गाड्या त्याची दखलच घेत नाहीत.

माझ्या मते काट्यापेक्षा वही भरवशाची. डीईएफचा खप साधारणपणे डिझेलच्या तीन ते पाच टक्के असतो. 200 लिटर डिझेल जळालं तर सहा ते दहा लिटर डीईएफ लागायला हवं. एखाद्या ट्रकला तेवढ्याच डिझेलमागे महिनोन्महिने दोनच लिटर लागत असेल तर खूश होऊ नका. नोझलवर पांढरे खडे जमून फवारा अडला असण्याची शक्यता असते.

डॅशबोर्डवरचा दिवा लागला की आधी संदेश वाचावा. पातळी कमी असेल तर भरून भागतं. दर्जाचा इशारा असेल तर वरून कितीही ओता, उपयोग नाही, टाकी रिकामी करून धुवावी लागते. दुर्लक्ष केलं तर ट्रकची ताकद टप्प्याटप्प्याने उतरते. मोटार आधी उरलेले किलोमीटर मोजून दाखवते, आणि टाकी कोरडी पडल्यावर एकदा बंद केली की पुन्हा सुरू होत नाही.

गाडी बंद केल्यावर मागून घुर्र आवाज येतो तो पंपाचा. नळीतलं डीईएफ तो परत टाकीत ओढून घेतो. तो थांबेपर्यंत बॅटरीचा कटऑफ स्विच पाडू नये.