पावतीपुस्तक आणि मतदारयादी

२००९ च्या लोकसभा निवडणुकीत हातकणंगले मतदारसंघात एक घोषणा गावोगाव पोचली होती : ‘एक नोट, एक व्होट’. उमेदवार होते शेतकरी संघटनेच्या मुशीतून आलेले राजू शेट्टी. २००४ मध्ये शिरोळने त्यांना विधानसभेत पाठवलं होतं, आता मैदान मोठं होतं. समोर राष्ट्रवादीच्या विद्यमान खासदार निवेदिता माने होत्या. त्यांच्या पक्षामागे साखर कारखाने, दूध संघ, सहकारी बँका अशी पश्चिम महाराष्ट्रातली सगळी भरभक्कम यंत्रणा होती. शेट्टींच्या बाजूला उसाच्या दरासाठी रस्त्यावर उतरलेला शेतकरी होता. त्या शेतकऱ्याकडे कार्यकर्ते मताबरोबर पैसेही मागत होते आणि तो देत होता. शेट्टी निवडून आले. २०१४ मध्ये पुन्हा आले. २०१९ आणि २०२४ मध्ये मात्र पडले, म्हणजे नोट दिली की मत कायमचं बांधलं जातं असं काही नाही.

तरीही या घोषणेत निवडणुकीचं एक जुनं शहाणपण दडलेलं आहे. स्थानिक राजकारणावर लिहिणारे बहुतेक जण निधी आणि प्रचार हे दोन वेगळे विषय मानतात : पैसा आधी गोळा करायचा आणि मग तो प्रचारावर खर्च करायचा. गावपातळीवर अनेक दशकं तसं नव्हतं. वर्गणी मागणं हाच प्रचार होता. दहा रुपयांची पावती फाडायला गेलेला कार्यकर्ता ओसरीवर बसायचा, चहा घ्यायचा. थोरला मुलगा कुठे नोकरीला लागला, सून माहेरी आहे का, सोसायटीचं कर्ज मंजूर का झालं नाही, हे सगळं ऐकायचा. उठताना त्याच्याकडे दहा रुपये आणि त्या घराची पक्की खबर, असं दोन्ही असायचं. ज्याने पावती घेतली तो उमेदवाराचा माणूस झाला. निवडून आल्यावर ‘माझे दहा रुपये आहेत तुझ्यात’ असं सांगायचा हक्कही त्याला मिळाला.

महाराष्ट्रात या पद्धतीची मुळं पक्षांच्या आधीची आहेत. अंताजी दामोदर काळे यांनी ‘पैसा फंड’ उभारला तो प्रत्येकाकडून एक पैसा मागून. त्या पैशातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथे काचेचा कारखाना निघाला. निवडणुकीशी त्याचा संबंध नव्हता. पण एका पैशाने माणूस सार्वजनिक कामाशी जोडला जातो हा धडा लोकमान्यांच्या पिढीने तिथे गिरवला. २३ जुलै १९१६ ला टिळकांच्या एकसष्टीला पुण्यात गायकवाड वाड्यात त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण झाली आणि त्यांनी ती राष्ट्रकार्याला दिली. टिळकांच्या निधनानंतर १९२१ मध्ये त्यांच्याच नावाने गांधीजींनी एक कोटी रुपयांचा स्वराज्य फंड जमवला. काँग्रेसचं सभासदत्व तेव्हा चार आण्यांचं होतं. चार आणे देणारा आणि काँग्रेसवाला हे दोन शब्द गावात एकाच माणसाला लावले जात.

पुढे या पैशाला कायद्याची चौकट आली. थोडक्यात सांगायचं तर उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे (२०२२ पासून महाराष्ट्रात लोकसभेसाठी ९५ लाख, विधानसभेसाठी ४० लाख), पक्षाच्या खर्चाला नाही. उमेदवाराला निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खातं उघडावं लागतं आणि निकालानंतर तीस दिवसांत हिशेब द्यावा लागतो. कंपन्यांच्या देणग्यांवर १९६९ मध्ये बंदी आली, १९८५ मध्ये ती उठली. वीस हजारांवरच्या देणगीदाराचं नाव पक्षाने निवडणूक आयोगाला कळवायचं असतं. २०१७ पासून करसवलत टिकवायची तर पक्षाला दोन हजारांपुढे रोख घेता येत नाही. निवडणूक रोखे २०१८ मध्ये आले आणि १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले.

वर्गणीच्या झोळीचा सर्वांत देखणा काळ १९७७ चा. आणीबाणी चालू असतानाच निवडणूक जाहीर झाली. नेते नुकते तुरुंगातून सुटलेले, जनता पक्ष जेमतेम जन्मलेला, तिजोरीत खडखडाट. सभांमध्ये कार्यकर्ते चादरी धरून गर्दीतून फिरत आणि लोक त्यात नोटा, नाणी टाकत. पु. ल. देशपांडे आणि दुर्गाबाई भागवत प्रचाराला बाहेर पडले होते. पुलंच्या कार्यक्रमाला लोक एरवी तिकीट काढून येत. इथे सभा फुकट होती आणि पैसे नंतर, आपल्या मनाने द्यायचे होते. पुण्यातून मोहन धारिया निवडून आले, उत्तर मुंबईतून मृणाल गोरे. गोरेगावातल्या पाण्याच्या लढ्याने त्यांना ‘पाणीवाली बाई’ केलं होतं. इंदिरा गांधींचा रायबरेलीत पराभव झाल्यावर मुंबईने घोषणा दिली : ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’. हंडे घेऊन मृणालताईंच्या मोर्चात आलेल्या बायकांना प्रचारपत्रकातून काही नव्याने पटवण्याची गरजच नव्हती.

कोकणातली तऱ्हा आणखी निराळी. राजापूर मतदारसंघाने १९५७, १९६२ आणि १९६७ मध्ये बॅ. नाथ पै यांना आणि १९७१ पासून सलग पाच वेळा प्रा. मधु दंडवते यांना लोकसभेत पाठवलं. मतदार गावात आणि कमावता माणूस मुंबईत, अशा या मुलखात प्रचाराचं एक टोक परळ-लालबागच्या चाळींत असायचं. गावकऱ्यांच्या खोल्या, ग्रामस्थ मंडळं, दर महिन्याची मनिऑर्डर आणि तिच्याबरोबरच्या चार ओळी : गावचं मत इकडूनही हलायचं. समाजवादी कार्यकर्ते बापडे एसटीने आणि त्यापुढे पायी डोंगर चढत. अशा प्रचाराला पैसा थोडा लागतो, माणसं मात्र पुष्कळ लागतात. सांगोल्याचे गणपतराव देशमुखही आयुष्यभर एसटीने फिरले. १९६२ मध्ये ते पहिल्यांदा आमदार झाले, २०१४ मध्ये अकराव्यांदा.

आता मतदारयादी. प्रस्तुत लेखकाला निवडणुकीतल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा या कागदाची ओढ जास्त आहे, आणि तालुक्याच्या गावी जुन्या कार्यकर्त्यांच्या घरी अशा याद्या बघण्यात त्याने अनेक दुपारी घालवल्या आहेत. भाग क्रमांक, अनुक्रमांक, घर क्रमांक, नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, लिंग : छापील मजकूर एवढाच. खरा ऐवज समासात, पेन्सिलीने लिहिलेला असतो. ‘मयत’. ‘दुबार’. ‘स्थलांतरित, भिवंडी’. ‘रात्रपाळी, सकाळी जाणे’. ‘दोघे भाऊ बोलत नाहीत, वेगळे भेटणे’. एका नावापुढे फक्त ‘खुर्ची लागेल’ असं होतं. म्हातारीला उचलून न्यावं लागेल, एवढाच त्याचा अर्थ. गावाचा इतका बारकाईने घेतलेला कानोसा क्वचितच कुठे सापडतो.

यादी हाती आली की रात्री कार्यालयात चिठ्ठ्या लिहायचं काम सुरू व्हायचं. कॉलेजातली पोरं, एखादे निवृत्त गुरुजी, ज्याचं अक्षर चांगलं तो. नाव, अनुक्रमांक, केंद्र. मग त्या चिठ्ठ्या गल्लीप्रमाणे लावून रबरबँड घालायचे आणि घरोघर वाटायच्या. चिठ्ठी देण्याच्या निमित्ताने कार्यकर्ता दुसऱ्यांदा दारात उभा राहायचा. वर्गणीच्या वेळी ज्याने टाळलं, त्याच्या चेहऱ्यावर आता काय दिसतं हे बघायचं असे. ‘देऊ की’ आणि ‘बघू की’ यांतला फरक ज्याला कळतो तो अर्धी निवडणूक आधीच मोजू शकतो.

मतदानाच्या दिवशी हीच यादी केंद्राबाहेरच्या टेबलावर येते. नियम काटेकोर आहेत : केंद्रापासून ठरावीक अंतराबाहेर (२०२५ पर्यंत दोनशे मीटर) एक टेबल, दोन खुर्च्या, चिठ्ठी पांढऱ्या कागदावरची, तिच्यावर उमेदवाराचं नाव नको, चिन्ह नको. प्रत्येक मतदार आला की त्याच्या नावावर रेघ. दुपारी तीनला यादी चाळायची आणि रेघ नसलेल्या घरी माणूस धाडायचा.

मुंबईत शिवसेनेने १९६६ नंतर शाखा, शाखाप्रमुख, गटप्रमुख अशी उतरंड उभी केली, ती याच कामासाठी बारा महिने जागी असायची. नळाला पाणी नाही, शाळेत प्रवेश हवा, रुग्णवाहिका हवी, की शाखेत जायचं. १९६८ मध्ये मुंबई महापालिकेत पक्षाचे ४२ नगरसेवक निवडून आले, त्यात भाषणांचा वाटा मोठा. पण शाखेचा वाटा कमी लेखू नये. भाजपने पुढे पन्नाप्रमुख आणला. यादीच्या एका पानावर तीस नावं, त्या पानाचा एक जबाबदार माणूस. कल्पना जुनीच, फक्त तिला पद मिळालं.

आता चिठ्ठ्या मोबाइलवर येतात, यादी ॲपमध्ये असते, फोन करणारी मुलं रोजंदारीवर शहरातल्या एखाद्या कार्यालयात बसतात. वेग वाढला, चुकाही कमी झाल्या. पण फोनवरच्या मुलीला ‘दोघे भाऊ बोलत नाहीत’ हे कळणार कुठून? नुकसानीचं खरं कारण तंत्र नसून पैशाची दिशा आहे. पैसा वरून येऊ लागला तसं वर्गणीसाठी दारात जाण्याचं कारण संपलं. कार्यकर्त्याचा पहिला फेरा बंद झाला, दुसरा ठेकेदाराकडे गेला. उलट मतदारच विचारू लागला की यंदा पाकीट कधी येणार. पाकीट घेणाऱ्याला पाच वर्षांत एक प्रश्नही विचारता येत नाही. पावती घेणारा मात्र चारचौघांत विचारतो. राज्यातल्या नगरपालिका आणि जिल्हा परिषदांच्या राजकारणाचं यापेक्षा मोठं नुकसान दुसऱ्या कशानेही झालेलं नाही, असं प्रस्तुत लेखकाचं ठाम मत आहे.

वीस हजारांखालच्या देणगीदारांची नावं कळवायला पक्ष बांधील नाहीत. पण ती स्वतःहून जाहीर करायला त्यांना कुणी अडवलेलंही नाही. देणाऱ्याची हरकत नसेल तर नगरपालिकेच्या प्रभागातल्या उमेदवाराला दहा, वीस, पन्नास रुपयांच्या देणग्यांची यादी चौकातल्या फळ्यावर रोज संध्याकाळी लावता येईल. गणेशोत्सव मंडळं वर्गणीदारांची नावं अशी वर्षानुवर्षं लावत आली आहेत. प्रभागाची लोकसंख्या काही हजारांची असते. पावतीपुस्तक छापायला खर्च नगण्य, आणि ते घेऊन फिरायला लागणारे पाय प्रत्येक पक्षाकडे अजून आहेत.