विश्लेषण : इतिहासात एमए करायचे, पण पुण्यात की दिल्लीत? शिरूर-दौंडच्या विद्यार्थ्यांनी प्रवेश कसा निवडावा?

बीएच्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की शिरूर, दौंड, केडगाव, पाटस भागातील अनेक विद्यार्थी एमएच्या प्रवेशाची चौकशी सुरू करतात. तोपर्यंत दिल्ली, हैदराबाद, वाराणसी येथील केंद्रीय विद्यापीठांची दारे त्या वर्षापुरती बंद झालेली असतात. तेथील प्रवेशासाठीची परीक्षा मार्चमध्येच होऊन गेलेली असते. ज्यांनी वेळेत अर्ज केला, त्यांच्यापुढे दुसरा पेच उभा राहतो. एका ठिकाणी नाव लागले, शुल्क भरायला तीन दिवस आहेत आणि दुसऱ्या विद्यापीठाची यादी अजून यायची आहे. अशा वेळी काय करावे, कोणती कागदपत्रे आधी काढून ठेवावीत आणि दोन प्रवेशांची तुलना कशी करावी, याविषयी…

अर्ज नेमके कधी करायचे?

केंद्रीय विद्यापीठांतील पदव्युत्तर प्रवेशासाठी २०२२पासून ‘सीयूईटी-पीजी’ ही सामाईक परीक्षा घेतली जाते. ती राष्ट्रीय परीक्षा संस्था म्हणजे ‘एनटीए’ घेते. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी तिचे अर्ज डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास सुरू झाले आणि परीक्षा मार्चमध्ये झाली. म्हणजे तिसऱ्या वर्षाचे पाचवे सत्र संपता संपता अर्ज भरावा लागतो. निकाल हाती यायला तेव्हा सहा महिने बाकी असतात, पण शेवटच्या वर्षाला असलेल्यांना अर्ज करता येतो.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंड आवारातील इतिहास विभागाची प्रक्रिया वेगळी आहे. त्यासाठी विद्यापीठाची स्वतःची ऑनलाइन प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिचे अर्ज आणि परीक्षा साधारण उन्हाळ्यात असतात. संलग्न महाविद्यालयांतील एमएचे प्रवेश सहसा पदवीच्या गुणांवर, निकालानंतर होतात.

थोडक्यात, पहिला निर्णय डिसेंबरमध्ये, दुसरा एप्रिल-मेमध्ये आणि तिसरा निकालानंतर, असे तीन टप्पे आहेत. पहिला टप्पा चुकला तर पर्याय आपोआप पुणे जिल्ह्यापुरते उरतात.

‘सीयूईटी-पीजी’ची परीक्षा कशी असते?

२०२५मध्ये इतिहासाच्या पेपरमध्ये ७५ बहुपर्यायी प्रश्न होते आणि वेळ ९० मिनिटांची होती. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो. पेपर इंग्रजी आणि हिंदी या दोनच भाषांत असतो, मराठीत नसतो. ज्यांनी बीए पूर्णपणे मराठी माध्यमातून केले आहे, त्यांची खरी अडचण येथे होते. विषय माहीत असतो, पण ‘सरंजामशाही’, ‘जमीन महसूल’, ‘अभिलेख’ यांचे इंग्रजी किंवा हिंदी शब्द ओळखीचे नसतात. त्यासाठी तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीपासून सहावी ते बारावीची एनसीईआरटीची इतिहासाची पुस्तके इंग्रजीत किंवा हिंदीत वाचून काढणे हा सोपा आणि स्वस्त उपाय आहे.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. ‘एनटीए’कडे परीक्षेचा अर्ज भरला म्हणजे विद्यापीठात अर्ज झाला असे होत नाही. निकालानंतर जेएनयूच्या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करावी लागते आणि दिल्ली विद्यापीठाच्या प्रवेशप्रणालीत वेगळी. चांगले गुण मिळूनही ही दुसरी नोंदणी राहिली, तर प्रवेश मिळत नाही.

कोणती कागदपत्रे आधी काढावीत?

राज्यातील जातीचा दाखला केंद्रीय विद्यापीठात जसाच्या तसा चालत नाही. इतर मागासवर्गीयांना केंद्राच्या नमुन्यातील ओबीसी नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागते आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. महाराष्ट्रात भटक्या जमाती (क) प्रवर्गात असलेला धनगर समाज केंद्राच्या यादीत ओबीसी आहे. त्यामुळे या समाजातील विद्यार्थ्यांनी दिल्लीसाठी वेगळा दाखला काढायला हवा.

मराठा समाजासाठी २०२४च्या कायद्याने दिलेले एसईबीसी आरक्षण राज्यापुरते आहे. केंद्रीय विद्यापीठांत हे विद्यार्थी, निकषांत बसत असतील तर, ईडब्ल्यूएस प्रवर्गातून अर्ज करू शकतात. या निकषांत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपेक्षा कमी असावे लागते आणि ५ एकर किंवा त्याहून अधिक शेतजमीन असून चालत नाही. शिरूर-दौंडच्या शेतकरी कुटुंबांत जमिनीची ही अट महत्त्वाची ठरते. सामाईक सातबाऱ्यावर कोणाच्या वाट्याला किती क्षेत्र, हे तलाठी कार्यालयातून आधीच स्पष्ट करून घ्यावे.

हे दाखले आर्थिक वर्षाशी जोडलेले असतात. मार्चमध्ये काढलेला दाखला जूनमध्ये जुना ठरू शकतो. म्हणून एप्रिल उजाडताच नव्या वर्षाचा दाखला काढण्यासाठी सेतू केंद्र किंवा ‘आपले सरकार’ संकेतस्थळ गाठावे. दुसऱ्या विद्यापीठात जाताना लागणारे स्थलांतर प्रमाणपत्रही निकालानंतर लगेच मागावे.

कोणत्या संस्थेत काय शिकायला मिळते?

येथे आधी आपल्याला कोणता इतिहास शिकायचा आहे, हे ठरवावे लागते. शिरूर आणि दौंडचीच उदाहरणे घेतली तरी फरक कळतो.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झेड. डी. अन्सारी ही नावे या कामाशी जोडलेली आहेत. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्तीची घरे, धान्य साठवण्याच्या जागा, घरातच पुरलेली माणसे असा मोठा पुरावा येथे मिळाला. ज्यांना अशा प्राचीन काळात रस आहे, त्यांच्यासाठी डेक्कन कॉलेजचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व हा एमए अभ्यासक्रम आहे. १८२१पासूनची परंपरा असलेली ही संस्था येरवड्यात आहे, म्हणजे शिरूरहून नगर रस्त्याने पुण्यात शिरताच. दिल्लीला जाऊन हा विषय शिकता येतो, पण महाराष्ट्रातील उत्खननाच्या मातीशी आणि भांड्यांशी ओळख येथे अधिक होते.

ज्यांना मराठेशाहीवर काम करायचे आहे, त्यांचे साहित्य मोडी लिपीत आहे. त्यातील मोठा भाग पुणे अभिलेखागारात, म्हणजे पेशवे दफ्तरात आहे. १९१०मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळही पुण्यातच आहे. पुणे विद्यापीठाच्या इतिहास विभागात अ. रा. कुलकर्णी यांच्यासारख्या अभ्यासकांनी मराठ्यांच्या आर्थिक-सामाजिक इतिहासाची परंपरा घडवली. येथे उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते. अशा विद्यार्थ्याने केवळ नावासाठी पुणे सोडले, तर तो आपल्या साधनांपासून दूर जातो.

आधुनिक काळाचे तसे नाही. दख्खनचे दंगे १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सुरू झाले. दौंडशेजारचे हे गाव तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. त्यावर नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७८मध्ये ब्रिटिश संसदेपुढे गेला आणि १८७९मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा झाला. हा प्रसंग आज एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात आहे. त्याचे सरकारी कागद इंग्रजीत आहेत आणि त्यावरची मोठी चर्चाही इंग्रजीत झाली आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अखेरपर्यंत काम करून १९२२मध्ये तेथेच निधन पावलेल्या पंडिता रमाबाई यांचे लेखन मराठी आणि इंग्रजी दोन्हीत आहे. असे विषय देशाच्या आणि जगाच्या संदर्भात अभ्यासायचे असतील, तर जेएनयूचे ऐतिहासिक अध्ययन केंद्र, दिल्ली विद्यापीठ किंवा हैदराबाद विद्यापीठ यांचा विचार जरूर करावा. जेएनयूच्या केंद्राच्या उभारणीत रोमिला थापर, बिपन चंद्र, सतीश चंद्र, एस. गोपाल हे इतिहासकार होते. मोगल काळासाठी लागणारी फारसी शिकण्याची सोयही जेएनयूत आहे.

खर्चाची तुलना कशी करावी?

शुल्काचा आकडा पाहून निर्णय घेणे ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. जेएनयूचे शिक्षण शुल्क नाममात्र आहे, पण वसतिगृह लगेच मिळाले नाही तर दिल्लीतील खोलीभाडे शुल्काच्या कितीतरी पट होते. उलट पुण्यातील शुल्क जास्त वाटले, तरी दौंडहून रेल्वेच्या पासवर ये-जा करणाऱ्याचा एकूण खर्च कमी राहू शकतो. मात्र रोजचे तीन-चार तास प्रवासात गेले, तर ग्रंथालयात बसायला वेळ उरत नाही. तोही खर्चच आहे.

म्हणून प्रत्येक प्रवेशासाठी एका कागदावर दोन वर्षांचा हिशेब मांडावा : शुल्क, राहणे, जेवण, प्रवास, पुस्तके. त्यातून नक्की मिळणारी शिष्यवृत्ती वजा करावी. ‘मिळेल कदाचित’ अशी रक्कम धरू नये.

राज्याच्या योजना कोठे लागू होतात, हे येथे निर्णायक ठरते. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून पुणे-मुंबईसारख्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. त्यासाठी उत्पन्न आणि गुणांच्या अटी आहेत. ही योजना महाराष्ट्रातील शहरांसाठी आखलेली आहे. दिल्लीचा हिशेब मांडताना ती जमेला धरू नये.

एका जागेचे शुल्क भरल्यावर दुसरीकडे नाव लागले तर?

समजा, शिरूरच्या एका विद्यार्थिनीचे नाव पुण्यात पहिल्या यादीत लागले. शुल्क भरायची मुदत शुक्रवारी संपते आणि दिल्लीची पुढची यादी सोमवारी आहे. अशा वेळी हातची जागा सोडणे धोक्याचे असते. शुल्क भरून प्रवेश घ्यावा आणि दिल्लीची जागा मिळाल्यास तो रीतसर रद्द करावा.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमानुसार, प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला, तर शुल्क परत मिळते. प्रक्रिया खर्च म्हणून जास्तीत जास्त ५ टक्के, पण ५ हजार रुपयांपेक्षा अधिक नाही, एवढीच कपात करता येते. त्यानंतर ९०, ८० आणि ५० टक्के असा परतावा कमी होत जातो आणि अंतिम तारखेनंतर ३० दिवस उलटले की काहीच मिळत नाही. काही वर्षी आयोग अधिक सवलत देतो. २०२४-२५मध्ये ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण शुल्क परत करण्यास आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त एक हजार रुपये कापण्यास सांगण्यात आले होते. त्यामुळे त्या त्या वर्षीचे परिपत्रक पाहावे.

संस्थेला मूळ गुणपत्रिका आणि दाखले तपासून लगेच परत द्यावे लागतात, ते अडकवून ठेवता येत नाहीत, हेही याच नियमात आहे. प्रवेश रद्द करण्याचा अर्ज लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि तारखेचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा.

एमए एक वर्षाचे की दोन वर्षांचे?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीनंतर एमए दोन वर्षांचे आहे, तर चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतल्यास एक वर्षाचे. चौथे वर्ष करायचे असेल, तर आपल्या महाविद्यालयात इतिहासाचे चौथे वर्ष आहे का आणि हव्या त्या विद्यापीठात एक वर्षाचे एमए सुरू झाले आहे का, या दोन्ही गोष्टी तिसऱ्या वर्षातच विचारून घ्याव्यात. दोन वर्षांच्या एमएतील पहिल्या वर्षानंतर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोयही आहे.

प्रवेशाच्या वेळी विभागाला काय विचारावे?

पुढे प्राध्यापक किंवा संशोधक व्हायचे असेल, तर नेट किंवा सेट द्यावी लागते. नेटसाठी एमएला खुल्या प्रवर्गात ५५ टक्के आणि राखीव प्रवर्गात ५० टक्के गुण लागतात. जेआरएफ मिळाल्यास सुरुवातीला दरमहा ३७ हजार रुपये मिळतात. २०२४-२५पासून पीएचडी प्रवेशासाठीही नेटचे गुण वापरले जातात. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी, २०२५पासून वर्णनात्मक झालेल्या राज्यसेवा मुख्य परीक्षेत इतिहास हा वैकल्पिक विषय घेता येतो.

त्यामुळे प्रवेश नक्की करण्यापूर्वी विभागात फोन करून किंवा शक्य असल्यास प्रत्यक्ष जाऊन चार प्रश्न विचारावेत. पूर्णवेळ प्राध्यापक किती आहेत? आपल्या आवडीच्या काळावर कोण शिकवते? लघुप्रबंध लिहावा लागतो का आणि तो कोणत्या भाषेत? गेल्या दोन-तीन वर्षांत किती विद्यार्थी नेट-सेट उत्तीर्ण झाले? जो विभाग या प्रश्नांची स्पष्ट उत्तरे देतो, तो नावाने लहान असला तरी विचारात घ्यावा.

ज्यांना घर किंवा नोकरी सोडणे शक्य नाही, त्यांच्यासाठी इग्नूचे इतिहासातील एमए हिंदी किंवा इंग्रजीतून दूरशिक्षणाने करता येते. ही पदवी नेटसाठी चालते. तो मार्ग निवडला, तर ग्रंथालय आणि मार्गदर्शक मात्र स्वतः शोधावे लागतात.