बर्फाची खातेवही

दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडे व्यापारी जुनी वही मिटून नवी उघडतात. हिमाचलातल्या लाहौल-स्पितीमध्ये छोटा शिग्री नावाची सुमारे नऊ किलोमीटर लांबीची हिमनदी आहे. तिचं वर्षही याच दिवसांच्या थोडं आधी, सप्टेंबर सरता सरता, मिटतं. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातले संशोधक आणि त्यांचे फ्रेंच सहकारी २००२ पासून तिच्या बर्फाच्या जमाखर्चाचा हिशेब मांडत आले आहेत.

खर्च मोजायचा तो खालच्या अंगाला. वाफेच्या यंत्राने बर्फात खोल भोकं पाडून त्यांत बांबू उतरवून ठेवतात. वर्षभराने बांबू आणखी तीन मीटर उघडा पडला, तर तिथला तीन मीटर बर्फ गेला. बर्फ पाण्याहून हलका, म्हणून हिशेबात पाणी सुमारे २.७ मीटर धरायचं. जमा असते वरच्या अंगाला. तिथे खड्डा खणून गेल्या उन्हाळ्याचा मळकट थर सापडेपर्यंत खाली जायचं आणि त्याच्यावरच्या हिमाची जाडी अन् घनता मोजायची. ताज्या भुरभुरीत हिमाचं वजन घनमीटरला शंभर किलोच्या आसपास भरतं. वर्षानुवर्षं दबून, आतली हवा पिळून निघून त्याचा बर्फ झाला, की तेच नऊशेच्या घरात जातं. हा बर्फ स्वतःच्याच भाराने उताराला सरकतो आणि वरची शिल्लक खालची तूट भरून काढतो. जिथे जमा आणि खर्च बरोबर होतात, ती रेषा हवामानाप्रमाणे दरवर्षी वर-खाली सरकते. छोटा शिग्रीवर जमाखर्च जुळण्यासाठी ती पाच हजार मीटरच्या आसपास असावी लागते.

म्हणूनच हिमनदीचं तोंड किती मागे हटलं, एवढ्यावरून तिची प्रकृती सांगणं मला पटत नाही. गोमुखाच्या बातम्या आपण वाचतो तेव्हा नेमकं हेच होतं. वर घटलेल्या बर्फाची खबर तोंडापर्यंत पोहोचायला अनेक वर्षं, कधी दशकं लागतात. त्यात दगडमातीचा जाड थर वर असेल तर खालचा बर्फ सावलीत राहतो आणि सावकाश वितळतो. तोच थर पातळ असला तर ऊन शोषून वितळणं वाढवतो.

छोटा शिग्रीच्या वहीतली मला सर्वांत विलक्षण वाटणारी नोंद उन्हाळ्यातल्या हिमवर्षावाची आहे. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे वारे हिम आणतात, ही मोठी जमा. पण तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या ऐन पावसाळ्यात, एखाद्या दिवशी जोरदार हिम पडलं, तर उघडा काळपट बर्फ पांढऱ्या चादरीखाली जातो. ताजं हिम बहुतेक ऊन परतवून लावतं आणि वितळणं कित्येक दिवस मंदावतं. जमेत भर थोडी, पण खर्चाला लगाम मोठा. हवा तापली आणि तिथे हिमाऐवजी पाऊस पडू लागला, तर हा लगामच सुटतो.

२००९-१० सारखी काही वर्षं नफ्याची गेली. सगळी वर्षं एकत्र धरली, तर मात्र दरसाल सरासरी सुमारे अर्धा मीटर पाण्याइतकी तूट आहे.

हे पाणी चंद्रा नदीत जातं. तांदीला तिला भागा मिळते आणि पुढे वाहते ती चंद्रभागा, म्हणजेच चिनाब. पंढरपूरची आपली चंद्रभागा वेगळी, ती भीमाच. सह्याद्रीतल्या पावसावर जगणारी. लाहौलच्या चंद्रभागेला उन्हाळ्यात पाणी पुरवायला वर साठलेला बर्फ लागतो.

उघडे पडलेले जुने बांबू मोजून झाले, की संशोधक शेजारी नवी भोकं पाडतात आणि हिम पडायच्या आत खाली उतरतात.