सांडव्याची वाट

नळदुर्गच्या किल्ल्यात नर आणि मादी हे धबधबे वाहू लागले की सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या गाड्या आत वळतात. संपादकांनी मला धाडलं होतं ते धाराशिव जिल्ह्यातल्या लहान तलावांच्या सुरक्षिततेवर लिहायला. किल्ला वाटेत होता म्हणून उतरलो, आणि सगळ्या विषयाची गाठ तिथेच सापडली.

किल्ल्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. बोरी नदी नळदुर्गला वळसा घालते, पलीकडे रणमंडळ हा जोडकिल्ला आहे. या दोहोंच्या मधे, विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 मध्ये मीर इमादीन या स्थापत्यकारानं नदीवर दगडी बंधारा घातला. उंची साधारण 90 फूट. बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. बाहेर पाणी कोसळत असताना आत माणूस कोरडा बसतो. 1853 मध्ये हा मुलूख निजामाकडून इंग्रजांकडे आला, तेव्हा कारभार पाहायला आलेल्या मेडोज टेलरलाही या बंधाऱ्यानं भुरळ घातली होती. त्यानं आत्मचरित्रात त्याचं वर्णन केलं आहे.

लोक पाणीमहाल पाहायला येतात. माझे डोळे मात्र नर-मादीवरच खिळले. धबधबे म्हणून त्यांचं कौतुक होतं, पण मुळात ते बंधाऱ्याचे दोन सांडवे आहेत. पूर आल्यावर जास्तीचं पाणी कुठून जाईल, हे बांधणाऱ्यानं आधीच ठरवून टाकलं होतं. वरच्या अंगाचा कुरनूर मध्यम प्रकल्प भरून वाहायला लागला की ते पाणी आजही त्याच दोन वाटांनी खाली उतरतं. चारशे वर्षांत किती पूर आले असतील! बंधारा उभा आहे, कारण पाण्याची वाट कुणी बुजवली नाही.

तिथून तासाभरावर, तुळजापूर तालुक्यातल्याच एका गावाच्या तलावावर गेलो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. मातीचा भराव, आतल्या अंगाला दगडी पिचिंग, एका टोकाला सांडवा. असे तलाव या जिल्ह्यात गावोगाव आहेत. मराठवाड्यात 1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांवर माणसांनी डोक्यावर घमेली वाहून कितीतरी पाझर तलाव उभे केले. म्हातारी माणसं अजून सांगतात, या पाळीत आमच्या आईचा घाम आहे. सीना-कोळेगाव किंवा माकणीच्या निम्न तेरणासारख्या मोठ्या धरणांवर अभियंते असतात, दरवाजे असतात, नोंदवह्या असतात. लहान तलावावर बहुतेक वेळा एखादा चौकीदार असतो, आणि पुष्कळदा तोही नसतो.

या तलावाला चौकीदार होता. त्याची एक सवय पाहून मी थबकलो. भरावाच्या पायथ्याशी पाझराचा छोटा ओघळ होता. त्यानं पांढऱ्या काचेच्या बाटलीत ते पाणी भरलं, उन्हाकडे धरून पाहिलं आणि बाटली पुन्हा पिशवीत ठेवली. मातीचं धरण थोडं पाझरणारच. नितळ पाणी पाझरत असेल तर त्याला काळजी नव्हती. पाणी गढूळ झालं, तर भरावाच्या पोटातली माती वाहून चालली आहे असं तो समजतो. धरणशास्त्राची पुस्तकंही हेच सांगतात. कण कण माती जाते, आत बोगदा होतो आणि एका रात्री भगदाड पडतं. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं आणि वीसहून अधिक माणसं गेली. तेव्हाच्या मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला. गावकरी मात्र गळतीची तक्रार आधीपासून करत होते.

असा गढूळ पाझर दिसला की माणसं घाईनं त्यावर चिकणमाती टाकतात. तो उपाय उलटतो, कारण अडलेलं पाणी दुसरीकडून वाट काढतं. आधी जाड वाळू, मग खडी, वर दगड असे थर द्यावे लागतात, म्हणजे पाणी निघून जातं आणि माती अडते. विमोचकातून, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीतून, तलावाची पातळीही उतरवावी लागते. त्यासाठी विमोचकाचा दरवाजा हलायला हवा. दुष्काळात तीन-तीन वर्षं जो दरवाजा कुणी उघडलेला नसतो, तो ऐन पुरात गंजून जाम बसलेला असतो.

दुष्काळी जिल्ह्यात लोकांना वाटतं, तलाव कोरडा आहे म्हणजे धोका नाही. प्रत्यक्षात कोरडा तलाव आतून आजारी पडतो. गाभ्यातली काळी माती सुकून भेगाळते. भरावावर वेडी बाभळ माजते आणि तिची मुळं आत वाटा करतात. घुशी बिळं पाडतात. उन्हाळ्यात गाळ काढायला आलेली यंत्रं भरावाच्या अगदी पायथ्याशी खोदतात आणि पाणी रोखून धरणारा थरच उचलून नेतात. मग एखाद्या सप्टेंबरात चार दिवसांत तलाव काठोकाठ भरतो. 2025 च्या सप्टेंबरात परंडा आणि भूम तालुक्यांनी हे अनुभवलं. एरवी टँकरची वाट पाहणाऱ्या गावांतून माणसांना हेलिकॉप्टरनं उचलून काढावं लागलं.

तरी मला सगळ्यात मोठी काळजी वाटते ती सांडव्याची. सांडणं म्हणजे आपल्या बोलीत वाया जाणं. ज्या गावानं हंड्यासाठी मैल-मैल चालून पाहिलं आहे, त्याला सांडव्यावरून जाणारं पाणी बघवत नाही. म्हणून तिथे वाळूची पोती पडतात, मातीचा बांध चढतो, मासे जाऊ नयेत म्हणून जाळी लागते. सांडव्याच्या पुढच्या चरात कुणी ज्वारी पेरतं. हे करणारी माणसं वाईट नाहीत. पाणी अडवणं हेच पुण्य, असं त्यांना पन्नास वर्षं शिकवलं गेलं आहे. सोडलेल्या पाण्याचं मोल मात्र कुणी समजावलं नाही.

हिशेब साधा आहे. सांडव्याच्या माथ्यावरून चार फूट उंचीचं पाणी जाऊ शकेल असा तलाव बांधला आणि त्यातले दोन फूट पोत्यांनी खाल्ले, तर सांडव्याची ताकद निम्म्यावर थांबत नाही, तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येते. उरलेलं पाणी भरावाच्या माथ्यावर चढतं. नळदुर्गच्या दगडाला ते सोसतं. मातीला काही तासही सोसत नाही. 11 ऑगस्ट 1979 ला गुजरातेत मच्छू धरणाच्या मातीच्या दोन्ही बाजू अशाच वाहून गेल्या आणि मोरबी बुडालं. आपल्या पानशेतचं धरण 12 जुलै 1961 ला फुटलं, त्याच्या आदल्या रात्री विमोचकाच्या मोरीवरचा भराव खचत होता आणि जवान पोत्यांवर पोती रचत होते. तेवढ्या शर्थीनंही खचलेली माती सावरली नाही.

धरण सुरक्षा कायदा 2021 मध्ये आला. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करण्याची सक्ती त्यात आहे आणि ती चांगलीच गोष्ट आहे. पण कायद्याची नजर 15 मीटरपेक्षा उंच धरणांवर आहे. 10 ते 15 मीटरमधली धरणं लांबी, साठा किंवा पुराचा विसर्ग मोठा असेल, नाहीतर पाया फार अवघड किंवा रचना वेगळी असेल तरच त्यात बसतात. त्याखालचा पाझर तलाव, ज्याच्या खाली पन्नास घरांची वस्ती झाली आहे, या कायद्याच्या बाहेर राहतो. कुठला तलाव जिल्हा परिषदेचा, कुठला जलसंधारण खात्याचा, कुठला जलसंपदा विभागाचा, हे गावात विचारलं तर तीन माणसं तीन उत्तरं देतात. दुरुस्तीचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत असताना बाभळीचं खोड मांडीएवढं होतं. प्रत्येक लहान तलावाचा मालक कोण, हे सांडव्याशेजारच्या दगडावर रंगवलेलं असावं, एवढीसुद्धा सोय आपण अजून केलेली नाही.

निघताना चौकीदारानं मला सांडव्यापर्यंत नेलं. चर मोकळा होता. दरवर्षी मृगाआधी तो स्वतः कोयत्यानं झाडोरा तोडतो. पुढच्या वर्षी तो निवृत्त होतोय.

तुमच्या गावाला तलाव असेल, तर पहिल्या पावसाआधी सांडव्यापासून ओढ्यापर्यंत एकदा चालत जा. वाटेत पोती, बांध, जाळी, पेरा किंवा झाडं दिसली तर ग्रामसभेत उभं राहून सांगा, आणि ती वाट त्याच आठवड्यात मोकळी करून घ्या.