हाताला मानवेल तोच कंट्रोलर

वाचकहो, 'स्ट्रीट फायटर ६' खेळून खेळून आमच्या चिरंजीवांचा डावा अंगठा दुखू लागला, तेव्हा मी तत्काळ म्हणालो, "आर्केड स्टिक घेऊ!" पुण्यातल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये अशाच दांड्यावर माझा हात बसला होता.

कारणही शास्त्रशुद्ध वाटले. 'हादोकेन'साठी खाली, तिरपे, पुढे आणि लगेच ठोसा असा क्रम लागतो. पॅडवर दिशांचा सारा भार एका अंगठ्यावर पडतो. स्टिकवर तो मनगट व बोटे वाटून घेतात. १९९१च्या 'स्ट्रीट फायटर २'च्या यंत्राला ठोशांची तीन व लाथांची तीन बटणे होती. स्टिकवर तीच मांडणी असते.

तिसरा प्रकार बिनदांड्याचा. त्यात दिशांनाही चार बटणेच. खेळ सेकंदाला ६० चित्रे दाखवतो, म्हणजे एका चित्राला जेमतेम १७ मिलिसेकंद. दांडा या टोकाचा त्या टोकाला नेण्यापेक्षा बटण लवकर दाबले जाते. मात्र डावे-उजवे एकदम दाबल्यास काय व्हावे, याचे स्पर्धांत नियम असतात. ते आधी पाहावेत.

चांगली स्टिक दोनशे डॉलरच्या घरात जाते. म्हणून मित्रांकडून दोन्ही प्रकार उसने आणले. अंगठा बरा झाल्यावर चिरंजीवांनी डावीकडून व उजवीकडून दहा-दहा हादोकेन मारून पाहिले. स्टिकवर मनगट अवघडले. बिनदांड्यावर आठवड्याभरात हात बसला.

स्टिक खरे तर मलाच हवी होती! तेव्हा मंडळी, कंट्रोलर आपल्या आठवणींना नव्हे, खेळणाऱ्याच्या हाताला मानवेल तोच घ्यावा.