संगीत आणि समाजजीवन : इटली व ब्रिटन

एखाद्या समाजात संगीत कोणी गावे, ते कोठे ऐकावे, ऐकताना श्रोत्याने कसे वागावे आणि न आवडल्यास काय करावे, यांविषयीचे संकेत सहसा लिहून ठेवलेले नसतात. ते त्या समाजाच्या नित्य व्यवहारातून घडत जातात. या दृष्टीने यूरोपात इटली व ब्रिटन यांची तुलना विशेष उद्‌बोधक आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून ब्रिटनने आपली गीते, गायक, संगीतिका (ऑपेरा) आणि संगीताची परिभाषा मोठ्या प्रमाणावर इटलीतून आणली. ज्या सामाजिक चौकटीत हे संगीत इटलीत वाढले ती चौकट मात्र आणता येण्याजोगी नव्हती. परिणामी इटलीत संगीत हे प्रामुख्याने सार्वजनिक भेटीगाठींचे व उघड मतप्रदर्शनाचे निमित्त राहिले, तर ब्रिटनमध्ये ते घरात किंवा मंडळ स्थापून, वर्गणी भरून आणि तालीम करून जोपासण्याची गोष्ट बनले. हा भेद राष्ट्रीय स्वभावाचा म्हणून सांगण्याची जुनी प्रथा आहे. तथापि त्यामागे नाट्यगृहांची मालकी, धर्मसंस्था, नगररचना आणि उद्योगधंदे यांसारखी कारणे स्पष्ट दिसतात आणि स्वभावाची भाषा त्यांच्यापुढे अपुरी पडते.

इटलीत संगीत हा प्रथमपासून एक व्यवसाय होता. नेपल्समधील चार ‘कॉन्सेर्व्हातोरियो’ या मुळात निराधार मुलांचा सांभाळ करणाऱ्या संस्था होत. मुलांना पोटापुरते कसब हाती यावे म्हणून तेथे संगीत शिकविले जाई आणि पुढे तोच शब्द जगभर संगीतविद्यालयास रूढ झाला. व्हेनिसमध्ये अशाच एका आश्रमातील मुलींसाठी आंतोन्यो व्हिव्हाल्दी (१६७८–१७४१) याने आपल्या अनेक रचना केल्या. याच शहरात १६३७ मध्ये सान कास्सीआनो हे तिकीट काढून प्रवेश देणारे पहिले संगीतिकागृह उघडले. दरबारातील संगीतिका त्यामुळे बाजारात आली आणि तिच्याबरोबर ठेकेदार, हंगाम, पैसे मोजून निवाडा देणारा प्रेक्षक हे सर्व आले.

इटालियन नाट्यगृहाची रचना पाहिली की त्यातील वर्तनाचा उलगडा होतो. मिलान येथील ला स्काला हे नाट्यगृह १७७८ मध्ये सुरू झाले. घोड्याच्या नालाच्या आकारात एकावर एक रचलेले सज्जे आणि त्यांत शेजारी शेजारी कोठड्यांसारखे कक्ष, अशी त्याची मांडणी आहे. हे कक्ष प्रतिष्ठित घराण्यांच्या मालकीचे असत. घराण्याने आपला कक्ष आपल्या आवडीने सजवावा, तेथे पाहुण्यांचे स्वागत करावे, जेवावे, पत्ते खेळावेत, विवाहसंबंधांच्या गोष्टी कराव्यात, ही रीतच होती. एकच संगीतिका एका हंगामात अनेक रात्री चाले. तीच माणसे ती पुनःपुन्हा ऐकत, त्यामुळे प्रिय गीताची वेळ आली की गप्पा थांबत आणि ते संपताच पुन्हा सुरू होत. दुय्यम पात्राच्या गीताला ‘सरबताचे गीत’ म्हणत. कारण त्या वेळी लोक थंड पेये व बर्फाचे पदार्थ घेत. नाट्यगृहाच्या दालनात जुगार चाले आणि त्याच्या उत्पन्नावर संगीतिकेचा खर्च भागे. दोमेनीको बार्बाया (१७७८–१८४१) हा प्रसिद्ध ठेकेदार या जुगारातूनच श्रीमंत झाला. चार्ल्स बर्नी (१७२६–१८१४) हा इंग्रज संगीतेतिहासकार १७७० मध्ये इटलीत फिरला, तेव्हा तेथील प्रेक्षागृहांतील गलबल्याने तो त्रस्त झाला. मात्र तो ज्याला अनास्था समजला ती अनास्था नव्हती. संध्याकाळी चौकात फेरी मारावी, ओळखीच्यांना भेटावे, नव्या कपड्यांची व नव्या बातम्यांची देवाणघेवाण करावी, हा जो इटालियन नगरजीवनाचा नित्यक्रम आहे त्याचे नाट्यगृह हे छपराखालचे रूप होते.

जे लोक चौकात आपले मत मोठ्याने मांडतात ते नाट्यगृहात गप्प बसतील, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. जोआक्कीनो रोस्सीनी (१७९२–१८६८) याची बार्बर ऑफ सेव्हिल १८१६ मध्ये रोममध्ये पहिल्या रात्री शिट्ट्यांत बुडाली. पुढच्याच प्रयोगाला तिचा जयजयकार झाला. जाकोमो पुत्चीनी (१८५८–१९२४) याची मादाम बटरफ्लाय १९०४ मध्ये ला स्कालात अशीच कोसळली आणि एका प्रयोगानंतर मागे घ्यावी लागली. सुधारून तीन महिन्यांनी ती ब्रेश्यात सादर झाली, तेव्हा यशस्वी ठरली. सर्वांत वरच्या, स्वस्त सज्ज्यातील प्रेक्षक हा या निवाड्यातील खरा न्यायाधीश. त्याला अनेक संगीतिका तोंडपाठ असतात आणि खालच्या उंची आसनांवरील मंडळींपेक्षा आपल्याला अधिक कळते, अशी त्याची खात्री असते. ती बहुधा खरीही असते. २००६ च्या डिसेंबरात आईदाच्या प्रयोगात पहिल्याच गीतानंतर या सज्ज्यातून हुर्यो झाली, तेव्हा रोबेर्तो आलान्या हा नायक रंगमंच सोडून निघून गेला आणि बदली गायकाला साध्या पोशाखातच उभे राहावे लागले. आवडलेले गीत पुन्हा म्हणायला लावणे हाही याच हक्काचा भाग. मराठी संगीत नाटकांच्या प्रेक्षकाला ‘वन्स मोअर’च्या आठवणीने ही रीत सहज समजावी. आर्तूरो तोस्कानीनी (१८६७–१९५७) याने ला स्कालाची सूत्रे १८९८ मध्ये हाती घेतल्यावर प्रेक्षागृहातील दिवे मंद करविले, स्त्रियांना मोठ्या टोप्या काढावयास लावल्या आणि पुनरावृत्तीस बंदी केली. १९०३ मध्ये एका प्रयोगात प्रेक्षक हट्टास पेटले, तेव्हा तो मध्यंतरात निघून गेला तो काही वर्षे परतलाच नाही.

संगीतिकेला राजकीय अर्थही याच सार्वजनिकतेतून प्राप्त झाला. १८६१ मध्ये इटली एक झाली, तेव्हा तेथील फारच थोडे लोक नित्य व्यवहारात प्रमाण इटालियन बोलत. बाकीचे आपापल्या प्रादेशिक बोली बोलत. जूझेप्पे व्हेर्दी (१८१३–१९०१) याच्या संगीतिकांतील गीते मात्र सर्वत्र पोहोचली होती. त्याच्या आडनावातील अक्षरे भावी राजाच्या नावाची आद्याक्षरे म्हणून भिंतींवर झळकली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. (नाबुक्को, १८४२, मधील बंदिवानांचे वृंदगान पहिल्याच रात्री देशभक्तीच्या उत्साहात पुन्हा गावे लागले, ही कथा मात्र नव्या संशोधनाने टिकत नाही.) ज्या गावात नाट्यगृह नव्हते, तेथे ग्रामदेवतेप्रमाणे मानल्या जाणाऱ्या संताच्या उत्सवात फुंकवाद्यांचा ताफा चौकात बसे आणि संगीतिकेतील गायकांचे भाग वाद्यांवर वाजवून दाखवी. दक्षिणेत पूल्या प्रांतात यासाठी नक्षीदार लाकडी मंडप उभारतात. अनेक शेतमजुरांनी व्हेर्दी ऐकला तो असा.

ब्रिटनमधील चित्र वेगळे आहे, पण त्याचा आरंभ बऱ्याच अंशी इटालियन आहे. १५८८ मध्ये निकोलस याँग याने इटालियन मॅड्रिगल गीतांचा इंग्रजी शब्दांसह संग्रह काढला तो घरी जमून गाणाऱ्या सभ्य गृहस्थांसाठी व व्यापाऱ्यांसाठी. पैसे देऊन ऐकावयाच्या मैफली लंडनमध्ये जॉन बॅनिस्टरने १६७२ मध्ये सुरू केल्या. त्यानंतर सहा वर्षांनी टॉमस ब्रिटन (१६४४–१७१४) या कोळसे विकणाऱ्या गृहस्थाने क्लार्कनवेलमध्ये आपल्या वखारीच्या माडीवर साप्ताहिक मैफल चालू केली. अरुंद जिना चढून सरदारमंडळीही तेथे येत. इटलीतील संगीतिका मात्र लंडनमध्ये परकी व महागडी चैन ठरली. जॉन गे (१६८५–१७३२) याच्या बेगर्स ऑपेराने (१७२८) तिची यथेच्छ थट्टा केली. जॉर्ज फ्रीड्रिक हँडल (१६८५–१७५९) याला अखेर इटालियन संगीतिका सोडून इंग्रजी भाषेतील धार्मिक ऑरेटोरिओकडे वळावे लागले. लॉर्ड चेस्टरफील्डने १७४९ मध्ये इटलीत निघालेल्या आपल्या मुलाला बजावले, की संगीत ऐकावे, वाजविणाऱ्यांना पैसे द्यावेत, पण स्वतः वाजवू नये; सद्‌गृहस्थास ते शोभत नाही. घरातील पियानो त्यामुळे पुढे मुलींच्या वाट्यास आला आणि विवाहयोग्यतेच्या गुणांत त्याची गणना होऊ लागली.

इंग्रज श्रोता मुळातच शांत असतो, ही समजूत इतिहासाला धरून नाही. १८०८ च्या आगीनंतर कॉव्हेंट गार्डन नाट्यगृह पुढच्या वर्षी नव्याने उघडले, तेव्हा दर वाढलेले होते, श्रीमंतांचे खाजगी कक्ष वाढविलेले होते आणि आंजेलिका कातालानी या इटालियन गायिकेला भरमसाट मानधन ठरले होते. प्रेक्षकांनी सदुसष्ट रात्री घंटा, कर्णे व फलक घेऊन दंगा केला आणि जुने दर परत मिळविले. शांतता ही पुढे मध्यमवर्गाने कमावलेली शिस्त होय. जॉन एला (१८०२–८८) याने १८४५ मध्ये लंडनमध्ये ‘म्यूझिकल युनियन’ स्थापन केली. रचनांचे विवेचन करणाऱ्या छापील पत्रिका तो श्रोत्यांना वाचावयास देई आणि त्यांवर मौन हीच संगीताची थोर पूजा, अशा अर्थाचे बोधवाक्य छापी. ते इटालियन भाषेत असे, हा योगायोग गमतीचा आहे.

दोन्ही वृत्तींची प्रत्यक्ष टक्कर लंडनच्या रस्त्यांवर झाली. एकोणिसाव्या शतकात उत्तर इटलीच्या डोंगराळ भागातून आलेले गरीब लोक, त्यांत पुष्कळ अल्पवयीन मुले, दांडा फिरवून वाजणारी पेटी घेऊन लंडनभर हिंडत. त्यांची वस्ती त्याच क्लार्कनवेलच्या परिसरात होती. व्हेर्दीच्या नव्या सुरावटी स्वयंपाकघरातील मोलकरणींपर्यंत व गल्लीतल्या मुलांपर्यंत या पेट्यांमुळे पोहोचत. गणकयंत्राचा आद्य कल्पक चार्ल्स बॅबेज (१७९१–१८७१) याला मात्र त्यांनी हैराण केले. आपल्या कार्यशक्तीचा चौथा हिस्सा या उपद्रवात वाया गेला, असा त्याचा हिशेब होता. तो पोलिसांकडे व न्यायालयात धाव घेई आणि त्याचा सूड म्हणून टवाळ लोक त्याच्या दारातच बँड वाजवीत. मायकेल टॉमस बॅस या संसदसदस्याने पुढाकार घेतला. डिकिन्झ, टेनिसन, कार्लाइल यांच्यासारख्यांच्या सह्यांचे पत्र मिळविले आणि १८६४ मध्ये कायदा झाला. आजारपण, कामातील व्यत्यय वा अन्य वाजवी कारण सांगून घरमालकाने सांगितल्यास वादकाने निघून जावे, असे त्यात ठरले. घरी बसून बौद्धिक काम करणाऱ्याला शांतता ही उपजीविकेची अट होती, हे खरे. पण ज्यांना मैफलीचे तिकीट परवडत नव्हते त्यांचे संगीत यामुळे घरमालकाच्या मर्जीवर राहिले, हेही तितकेच खरे. मुलांचे हाल मात्र खोटे नव्हते. त्यांना राबविणाऱ्या मुकादमांच्या पद्धतीविरुद्ध इटलीनेही १८७३ मध्ये कायदा केला.

ब्रिटनमध्ये गरिबांचे संगीत रस्त्यावरून चर्चशेजारच्या सभागृहात व कारखान्याच्या आवारात गेले. जॉन कर्वेन (१८१६–८०) या धर्मोपदेशकाने नॉर्विचच्या सेरा ग्लव्हर हिच्या पद्धतीवरून ‘टॉनिक सोल-फा’ लिपी प्रसृत केली. तीत स्वररेषांऐवजी साधी अक्षरे असल्याने गिरणी-कामगारही वृंदगान वाचू शकत. नॉव्हेलो या प्रकाशनसंस्थेने स्वस्त स्वरलिपी पुरविल्या. तिच्या संस्थापकाचे वडील इटालियन होते. हडर्झफील्डसारख्या लोकरीच्या गावात १८३६ पासून वृंदगायन मंडळ आहे आणि नाताळात हँडलचा मसाया गाणे हा अनेक गावांचा कुलाचार झाला. पितळी वाद्यांचे बँड गिरण्यांनी व कोळशाच्या खाणींनी पोसले. यॉर्कशरमधील ब्लॅक डाइक मिल्सचा बँड १८५५ चा. मँचेस्टरजवळ १८५३ मध्ये सुरू झालेल्या स्पर्धेपासून या बँडांचे जीवन स्पर्धेभोवती फिरते. स्पर्धेत परीक्षकाला पडद्याआड बंदिस्त जागेत बसवितात, म्हणजे कोणता बँड वाजवीत आहे हे त्याला कळू नये. ला स्कालाच्या वरच्या सज्ज्यातील निवाड्याशी याची तुलना करावी. मतप्रदर्शन दोन्हीकडे कठोरच, फक्त एकीकडे ते तोंडावर फेकले जाते, तर दुसरीकडे गुणपत्रिकेत लिहिले जाते.

वर्गभेदाच्या खुणा ब्रिटिश संगीतव्यवहारात ठळक राहिल्या. हेन्री वुड (१८६९–१९४४) याच्या संचालनाखाली १८९५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रॉमनेड’ मैफलींत स्वस्त प्रवेशाचे श्रोते उभे राहून ऐकतात आणि त्यासाठी निमूटपणे रांग लावतात. या रांगेचीही आपली अलिखित शिस्त व मैत्री असते. याउलट ससेक्समधील ग्लाइंडबोर्न येथे जॉन क्रिस्टी याने १९३४ मध्ये आपल्या वाड्याच्या आवारात संगीतिकागृह काढले. तेथे दीर्घ मध्यंतरात सायंकालीन पोशाखातील मंडळी हिरवळीवर शिदोरी सोडतात. कक्षातले भोजन इटलीत गाण्याबरोबर चाले. येथे ते गाण्यापासून काटेकोरपणे वेगळे केलेले आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्कर श्मित्स या जर्मन लेखकाने इंग्लंडला ‘संगीतहीन देश’ म्हटले. थोर रचनाकारांची संख्या हीच कसोटी मानली, तर पर्सेलनंतरच्या दोन शतकांपुरते त्यात तथ्य आहे. परंतु स्वतः गाणाऱ्या व वाजविणाऱ्या सामान्य माणसांची कसोटी लावली, तर तो आक्षेप टिकत नाही. उलट व्यावसायिक गायकांवर सर्व भिस्त ठेवणाऱ्या इटलीलाच हौशी वृंदगायनाची उणीव जाणवावी. विसाव्या शतकात दोन्ही चौकटी बदलल्या. ला स्कालातील कक्षांची खाजगी मालकी १९२० च्या सुमारास संपुष्टात आली. १९५१ पासून भरणाऱ्या सानरेमो गीतमहोत्सवाने निवाड्याचा तो जुना हक्क दूरचित्रवाणीपुढे बसलेल्या कुटुंबापर्यंत नेला. इटलीतील संगीतिकागायनाची यूनेस्कोने २०२३ मध्ये अमूर्त वारसा म्हणून नोंद केली. ब्रिटनमध्ये फुटबॉलच्या मैदानावर स्तोत्रे व लोकप्रिय गीते सामूहिकपणे गाण्याची प्रथा दृढ झाली. १९२७ पासून फुटबॉल असोसिएशन चषकाच्या अंतिम सामन्यापूर्वी एक जुने चर्चस्तोत्र गातात. ऑक्टोबर १९९२ मध्ये यॉर्कशरमधील ग्राइमथॉर्प खाण बंद होणार असल्याचे जाहीर झाले आणि त्यानंतर काही दिवसांतच तेथील बँडने राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. खाण १९९३ मध्ये बंद झाली. बँड चालू राहिला.

या दोन्ही परंपरांशी मुंबईच्या एका घराण्याचा संबंध आला आहे. १९३५ मध्ये बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन करणारे व्हायोलिनवादक मेहली मेहता (१९०८–२००२) यांनी पुढे मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात काही वर्षे काम केले. तेथील संचालक जॉन बार्बिरोली (१८९९–१९७०) हा लंडनमध्ये जन्मलेला, इटालियन वादकांच्या कुळातला होता. मेहतांचे पुत्र झुबिन (जन्म १९३६) हे १९८५ ते २०१७ या काळात फ्लॉरेन्सच्या ‘माज्जो म्यूझिकाले’ या संस्थेचे प्रमुख संचालक होते.